सीतेचा जबाब

रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ या रविवारी सकाळी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी रामाच्या राज्याभिषेकाबरोबर संपली. तिला आता चार दशके होत आली. मधल्या काळात तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु लिहिणारांचे ठळक असे दोनच पक्ष दिसतात. एक पक्ष वृत्तपत्री टीकाकारांचा. त्यांना मालिकेतील चकाकणारे मुकुट, आकाशात एकमेकांस भिडणारे बाण आणि एकेका प्रसंगावर रविवारमागून रविवार रेंगाळणारी गती यांचे हसू आले. दुसरा पक्ष भाविकांचा. त्यांनी दूरदर्शन संचाला हार घातला, त्याच्यापुढे उदबत्ती लावली आणि पडद्यावरील रामाला हात जोडले. पहिल्या पक्षाने या मालिकेचा कला म्हणून विचार करण्यास नकार दिला. दुसऱ्याला ती कला आहे याची आठवण ठेवण्याची गरज भासली नाही. परिणामी, रामकथा सांगण्याची जी आपली शतकानुशतकांची रीत आहे तिच्यात या कथनाला कोठे बसवावयाचे, हा साधा वाङ्मयीन प्रश्न तसाच पडून राहिला.

या पानांच्या वाचकांना तो प्रश्न परका वाटू नये. आपली बहुतेक घरे देवळाच्या आश्रयाने वाढलेली आहेत. रामनवमीचे कीर्तन, चातुर्मासातील पोथी, जत्रेच्या रात्रीचा दशावतारी काला अशा वाटांनी रामकथा आपल्यापर्यंत आली. छापील ग्रंथ पुष्कळांनी पुढे वाचला. आधी ऐकला तो सांगणारा. प्रत्येक गावाचा सांगणारा वेगळा, त्याची फोड वेगळी, आणि एकाने गाळलेला प्रसंग दुसऱ्याकडे हमखास सापडावयाचा. १९८७ साली तीच कथा प्रथमच एका सांगणाराने साऱ्या देशाला एकाच घटकेला सांगितली. दूरदर्शनखेरीज दुसरे प्रक्षेपण तेव्हा देशात नव्हते, आणि दूरदर्शन सरकारचे होते. त्यामुळे त्या सांगणाराने काय ठेवले आणि काय गाळले याला पूर्वी कधी नव्हते एवढे महत्त्व आले.

मालिकेच्या बाजूने बोलावयाचे ते प्रथम बोलून घेतो, कारण ते पुरेसे बोलले गेलेले नाही. तिच्या संथपणाची सर्वांत अधिक थट्टा झाली. दशरथाच्या सभेत कोणी एक वाक्य उच्चारले की कॅमेरा एकेका सभासदाच्या चेहऱ्यावर थांबत थांबत पुढे जातो, आणि तोपर्यंत कथा जागची हलत नाही. चित्रपटाच्या मापाने हा दोष आहे. पण कीर्तनाला बसलेल्या माणसाला पुढे काय होणार याची उत्सुकता नसते. राम वनवासाला जाणार हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असते. ‘आता बुवा ते कसे सांगतात’ एवढेच त्याला पाहावयाचे असते. कैकेयीने दोन वर मागितल्यावर दशरथाच्या तोंडून शब्द फुटण्यापूर्वी बुवा एक पद म्हणतात, एक दृष्टांत देतात, टाळकरी ताल धरतात, आणि सभामंडप त्या एका क्षणात अर्धा तास राहतो. सागर यांनी हे तंत्र जाणून घेतले की त्यांच्या हातून ते आपोआप घडले, कोण जाणे. पण रविवारी सकाळी रस्ते ओस पडत होते त्याच्या मुळाशी बाणांच्या करामतीपेक्षा हे थांबणे अधिक होते असे माझे मत आहे. नटांच्या चेहऱ्यांवर थांबण्यास वेळ देणारे ते दूरदर्शनचे शेवटचे युग होते.

शिवाय त्या चेहऱ्यांत थांबण्यासारखे काही होते. मालिकेतील अयोध्येचा बराच मोठा भाग मराठी होता, हे आज कित्येकांच्या लक्षात नसेल. कौसल्येचे काम केले ते जयश्री गडकर यांनी. कारवारजवळ सदाशिवगडाच्या परिसरात जन्मलेली ही अभिनेत्री १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ पासून तमाशापटांची नायिका म्हणून महाराष्ट्रभर गाजली होती. तिला रामाची आई म्हणून पाहताना सुरुवातीस थोडे बिचकणारे प्रेक्षक चार रविवारांत तिच्यासाठी डोळे पुसू लागले. दशरथ म्हणजे तिचे प्रत्यक्षातील पती बाळ धुरी, भरत संजय जोग. आणि मंथरा ललिता पवार. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे या थोर नटीच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि नायिकेच्या भूमिका तिच्यापासून दूर गेल्या. पुढची जवळजवळ साडेचार दशके ती त्याच डोळ्याच्या बळावर पडदा गाजवीत राहिली. तिची मंथरा दुष्ट म्हणून लक्षात राहत नाही. आपल्या बाईसाहेबांचे महत्त्व गेले की आपलेही गेले, हे कळलेली ती एक म्हातारी दासी आहे. तिच्या कुबड्या अंगात जेवढे भय आहे तेवढे विष नाही. साऱ्या मालिकेत अभिनयाचा एकच नमुना जपून ठेवावयाचा झाला तर मी हा ठेवीन.

रामाच्या भूमिकेतील अरुण गोविल यांना मात्र अभिनय करावयाचाच नव्हता. त्यांचे काम दर्शन देण्याचे होते. तो किंचित हसरा, न बदलणारा चेहरा आपण पूर्वी पाहिलेला होता: देव्हाऱ्याशेजारच्या चौकटीत आणि दुकानातील दिनदर्शिकेवर. राजा रविवर्म्याने बडोद्याच्या दरबारासाठी पौराणिक चित्रे रंगविली, १८९४ साली मुंबईत छापखाना उघडला, आणि त्याच्या शिळाछापाच्या चित्रांनी देवांना जे रूप दिले ते घरोघर पोहोचले. सागर यांची दृश्ये त्या चित्रांच्या वंशातली आहेत. म्हणून संचाला हार घालणारी माणसे भोळी होती, हे म्हणणे बरोबर नव्हे. पडद्याची रचनाच देव्हाऱ्यासारखी केलेली होती, आणि माणसे देव्हाऱ्यापुढे जसे वागतात तसे वागली. (या दर्शनाचा राजकीय लाभ घेणारेही निघाले. १९९१ साली मालिकेतील सीता, दीपिका चिखलिया, त्याच बडोद्यातून लोकसभेवर निवडून गेली आणि रावण, अरविंद त्रिवेदी, साबरकांठ्यातून. रामाने २०२४ पर्यंत धीर धरला व मग मेरठहून संसद गाठली.)

भाषेचा मुद्दा गोव्यातील वाचकांपुढे मांडताना जरा जपून मांडावा लागतो. मालिकेचे दोन भाग झाले होते, आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोव्याच्या विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराची तरतूद झाली. त्याआधीच्या महिन्यांत जे घडले ते या पानांच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना ठाऊक आहे. ३० मे रोजी गोवा राज्य झाले. त्या वसंतात एकाच देवळाच्या महाजनांत मराठीवाले आणि कोंकणीवाले असे उभे तट पडलेले असताना, रविवारी सकाळी दोन्ही तट एकाच खोलीत बसून एकच राम पाहत होते. आणि तो राम संस्कृतप्रचुर हिंदीत ‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ म्हणत होता. आपल्या मुलांनी ते शब्द चटकन उचलले, काहींनी थट्टेने, काहींनी खरेच. शतकानुशतके गोव्यातील रामाला दोन भाषा होत्या: सभामंडपात तो मराठी ओवीत आणि आर्येत बोले, स्वयंपाकघरात आजी त्याला कोंकणीत बोलावी. कोंकणीतील रामकथेला लेखी पुरावाही आहे. सोळाव्या शतकातील रामायण-महाभारताच्या कोंकणी गद्यकथांची रोमी लिपीतील हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. येथील देवळे पाडली जात होती त्याच शतकात, भाषा शिकण्यासाठी का होईना, मिशनऱ्यांनी त्या कथा उतरवून घेतल्या. या दोन्ही भाषांतील राम त्या वर्षी आपापल्या हक्कासाठी भांडत असता तिसऱ्याच भाषेतील राम घरात येऊन बसला, आणि आपल्यापैकी कोणाला त्यात काही गैर वाटले नाही. भाषा बदलली म्हणजे सांगणारा बदलतो, एवढेच मला येथे नोंदवावयाचे आहे. परका सांगणारा आला की त्याने काय गाळले हे ओळखणे कठीण जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

वाल्मीकीच्या युद्धकांडात रावणवधानंतर सीतेला रामापुढे आणतात तो प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. राम तिला सांगतो की हे युद्ध मी तुझ्यासाठी केले नाही, माझ्या आणि माझ्या कुळाच्या लौकिकासाठी केले. तू परक्याच्या घरी राहिलीस, मला तुझी गरज नाही, दाही दिशा मोकळ्या आहेत, वाटेल तिकडे जा. हे भर सभेत, वानर-राक्षसांच्या देखत. यावर सीता गप्प राहत नाही. ती म्हणते की एखाद्या सामान्य पुरुषाने सामान्य बाईला बोलावे तसे हे बोलणे तुम्हाला शोभत नाही. संशयच होता तर हनुमंताला माझ्या शोधासाठी पाठविलेत तेव्हाच का नाही कळविलेत? मी तेथेच प्राण सोडला असता, आणि एवढ्या जिवांना युद्धाचे कष्ट पडले नसते. मग ती लक्ष्मणाला चिता रचण्यास सांगते.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर येथे सर्व काही यथाक्रम आहे: आरोप आहे, आरोपीचा जबाब आहे, आणि त्यानंतर दिव्य आहे. धर्मशास्त्रात दिव्याला स्थान आहे, पण ते शेवटचे. याज्ञवल्क्यस्मृती लेख, भोग आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे सांगते आणि यांपैकी एकही नसेल तरच दिव्य करावे असे स्पष्ट बजावते. सीतेच्या प्रकरणात साक्षीदार होता. अशोकवनात तिला प्रत्यक्ष पाहून आलेला, तिचे आणि रावणाचे संभाषण झाडावरून स्वतःच्या कानांनी ऐकलेला हनुमंत त्या सभेत उभा होता. त्याची साक्ष कोणी काढली नाही. सीता आपल्या उत्तरात नेमके त्याचेच नाव घेते, हे वाल्मीकीच्या प्रतिभेचे लक्षण समजावे. उपलब्ध पुरावा बाजूला सारून आपल्याला दिव्याकडे ढकलले जात आहे हे त्या स्त्रीला पुरते उमगलेले आहे, आणि ती तसे बोलून दाखविते.

दूरदर्शनवरील मालिकेत यातले काय उरले? तेथे राम लक्ष्मणाला अग्नी सिद्ध करण्यास सांगतो, लक्ष्मण संतापतो, आणि मग राम त्याला एक गुपित सांगतो: हरणापूर्वीच खरी सीता अग्नीच्या स्वाधीन केलेली होती, रावणाने नेली ती तिची छाया, आता छाया अग्नीत जाईल आणि खरी सीता बाहेर येईल. लक्ष्मणाचे समाधान होते. छाया जाते, सीता येते, पार्श्वसंगीत चढते. संशय कोणी घेतलेलाच नाही, त्यामुळे उत्तर देण्याचे कारण नाही. ज्याने न्यायालयात काही वर्षे काढली आहेत त्याला ही युक्ती ओळखू येते: एका पक्षाचे म्हणणे नोंदवावयाचे नसेल तर त्याचे तोंड दाबावे लागत नाही, वादच उत्पन्न झाला नव्हता असे दाखविले की पुरते. आणि एक सूक्ष्म गोष्ट पाहा. प्रेक्षकांच्या मनात शंका येणार हे सागर यांना पक्के माहीत होते. म्हणून तर लक्ष्मणाचा संताप आहे. तो संताप त्यांनी दिराच्या तोंडी घातला. जिची बाजू होती तिच्या तोंडी तो एका वाक्यापुरताही आला नाही.

छायासीता ही सागर यांची कल्पना नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अध्यात्मरामायणात ती आहे, तुलसीदासांच्या मानसात आहे. रावणाचा स्पर्श खऱ्या सीतेला झाला ही कल्पनाच भक्ताच्या मनाला सोसत नाही, आणि त्या असह्यतेतून छायासीता जन्मली; तिच्यामागची भावना हीन म्हणता येणार नाही. तुलसीदासांनी तर सीतात्यागाची कथाच मानसात सांगितली नाही. पण तुलसीदास एक कवी होते, स्वतःच्या श्रद्धेने स्वतःची निवड करणारे. त्यांच्या निवडीने वाल्मीकी कोणाच्या घरून उचलला गेला नाही. सागर यांनी मात्र मालिकेच्या आरंभीच्या नामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंब, कृत्तिवास यांच्यासह आपल्या एकनाथांच्या भावार्थरामायणाचेही नाव आधारग्रंथ म्हणून घातले. नाथांनी युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत रचलेला आणि पुढे गावबाने पुरा केलेला तो ग्रंथ कित्येक मराठी देवळांत अजून लावला जातो. नामावलीत नाव वाचून आपल्याला धन्य वाटले. परंतु इतके साक्षीदार बोलाविले की त्यांच्यातील विरोधही ऐकून घ्यावा लागतो. ही मालिका ज्या ठिकाणी परंपरा एकमेकींशी भांडतात त्या ठिकाणी, जवळजवळ अपवादावाचून, सर्वांत मऊ पाठ उचलते आणि पुढे जाते.

यावर आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील की भक्तीला हेच शोभते. देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभे करावयाचे? मला वाटते, हे म्हणताना आपण आपल्या भक्तीला तिच्या योग्यतेहून लहान लेखतो. जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायकांनी रामाला देवच मानले आणि सीतेच्या वनवासाबद्दल त्याला बोलही लावला. दोन्ही एकाच दळणात. ताराबाई भवाळकरांनी ‘सीतायन’ या पुस्तकात सीतेच्या कथेतील ही वेदना आणि हा विद्रोह उलगडून दाखविला आहे. यवतमाळ जिल्ह्यात रावेरी येथे सीतेचे देऊळ आहे. तेथे ती रामाशेजारी नाही, वनात टाकलेली, पोरांना एकटीने वाढविणारी आई म्हणून आहे. शेतकऱ्यांचे नेते शरद जोशी यांनी त्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी खटपट केली, ती उगाच नव्हे. ही सारी माणसे अश्रद्ध होती असे कोण म्हणेल?

अधिक जवळचे उदाहरण गीतरामायणाचे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी ते सुरू केले. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते झाली. दूरदर्शनच्या मालिकेच्या बत्तीस वर्षे आधीची ही मराठीतील साप्ताहिक रामकथा, आणि सरकारी माध्यमावरचीच. तिची बांधणी पाहावी. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामायण गात आहेत, शेवटच्या गीतात वाल्मीकी त्यांना ते गाण्यास सांगत आहे. म्हणजे सारी कथाच टाकलेल्या पत्नीच्या मुलांच्या तोंडची आहे आणि ऐकणारा त्यांचा न ओळखणारा बाप आहे. जन्म, स्वयंवर, सेतू, युद्ध, सगळे त्या एका दुःखाच्या चौकटीत बसते. अखेरीस वनाच्या तोंडाशी उभी राहून सीता लक्ष्मणाला आपण आता कोठे जावे म्हणून विचारते, ते गीत आपल्या देवळांतील कार्यक्रमांत गायिलेले मी अनेकदा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी मंडपातील बायाच नव्हे तर महाजनही खाली पाहतात. माडगूळकरांनी रामाची निंदा कोठेही केलेली नाही. सीतेचे म्हणणे मात्र त्यांनी ऐकविले. चित्रपटसृष्टीलाही हे सुचले होते. विजय भट्ट यांचा १९४३ चा ‘रामराज्य’ राज्याभिषेकानंतरच्या कथेवरच उभा आहे, आणि गांधीजींनी पाहिलेला चित्रपट म्हणून त्याचे नाव अजून घेतले जाते. जे माडगूळकरांना आणि भट्टांना जमले ते सागर यांना जमू नये याचे कारण श्रद्धेच्या आधिक्यात शोधू नये. एका सरकारी वाहिनीवर, जाहिरातदारांच्या पैशाने, कोट्यवधी घरांत एकाच वेळी बोलावयाचे होते. तेथे कोणालाही दुखवू नये ही चिंता पहिली असते, आणि कोणालाही दुखवावयाचे नसले की ज्याला दुखावले गेले आहे त्याचे गाऱ्हाणे आधी गळते.

त्याच काळात दूरदर्शनवरून काय दाखवावे हा प्रश्न न्यायालयांपुढे दोनदा आला होता. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींच्या ‘तमस’ या फाळणीवरील मालिकेचे प्रक्षेपण थांबवावे म्हणून अर्ज झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि मनाई उठविली. पुढे फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल दिला. दुसरे प्रकरण ‘होनी अनहोनी’ या मालिकेचे. ती अंधश्रद्धा पसरविते म्हणून लोकविज्ञान संघटना न्यायालयात गेली. जुलै १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध निर्णय देताना दूरदर्शनवर चित्रण दाखविण्याचा नागरिकाचा हक्क वृत्तपत्रात छापण्याच्या हक्कासारखा मानला. दोन्ही अर्जदारांचे हेतू निराळे होते, मागणी एकच होती: हे दाखवू नका.

‘रामायणा’च्या बाबतीत तिसरेच घडले, आणि ते न्यायालयाबाहेर घडले. राज्याभिषेकावर मालिका संपणार हे कळल्यावर १९८८ च्या उन्हाळ्यात पंजाबात जालंधर येथील सफाई कामगार संपावर गेले, आणि संप इतर शहरांतही पसरला. हे लोक वाल्मीकी समाजाचे. आदिकवीला ते आपला पूर्वज आणि गुरू मानतात. उत्तरकांडात वाल्मीकी स्वतः कथेत येतो, सीतेला आश्रय देतो, तिच्या मुलांना वाढवितो, आणि भर सभेत तिच्या शुद्धतेची ग्वाही देतो. ते दाखविल्याशिवाय रामायण पुरे होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कचऱ्याचे ढीग साचले, रोगराईची भीती निर्माण झाली, आणि सरकार नमले. काही सुशिक्षितांनी तेव्हा या संपाची कुचेष्टा केली. माझ्या दृष्टीने त्या सबंध दशकात दूरदर्शनकडे झालेली ती सर्वांत प्रौढ वाङ्मयीन मागणी होती. काही वगळा असे ते म्हणाले नाहीत. वगळले आहे ते दाखवा, असे म्हणाले. पिढ्यानपिढ्या पोथ्या लावणाऱ्या, कीर्तने ठेवणाऱ्या, उत्तरकांडाचा अर्थ जाणणाऱ्या आपल्या देवस्थानांपैकी एकानेही ही मागणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती करावयास ज्यांना कित्येक देवळांच्या पायरीवर अडविले जात होते ते लोक पुढे यावे लागले.

अशा रीतीने ऑक्टोबर १९८८ पासून उत्तररामायण सुरू झाले. पण येथेही सागर यांनी आपला मऊ हात सोडला नाही. वाल्मीकीची सीता फसवून वनात नेलेली आहे. आश्रम पाहण्याची तिची हौस पुरविण्याच्या निमित्ताने रथ निघतो आणि गंगेपलीकडे गेल्यावर लक्ष्मण रडत रडत तिला खरे सांगतो. मालिकेतील सीतेला लोकापवाद आधीच कळतो, आणि राजाच्या कर्तव्यात आपली अडचण नको म्हणून तीच जाण्याचा आग्रह धरते. राम तिला थांबवू पाहतो. वकिली व्यवसायात आम्ही याला संमतीचा हुकूमनामा म्हणतो: वादी-प्रतिवादी दोघांनी मिळून सही केली की न्यायाधीशाला निर्णयाची जबाबदारी उरत नाही, आणि त्यावर अपीलही सहसा चालत नाही. राम महालात जमिनीवर निजतो, कंदमुळे खातो, प्रेक्षक त्याच्यासाठीच हळहळतो. दुःखाची वाटणी समसमान झाली. अन्यायाची नोंद कोठेच झाली नाही. एवढे असूनही उत्तररामायण मूळ मालिकेपेक्षा मला वरचढ वाटते, ते त्यातील लव-कुशांच्या गायनामुळे. दोन पोरे अयोध्येच्या रस्त्यावर आणि पुढे रामाच्या सभेत आईची कथा गातात, तेव्हा सागर यांच्या हातून कथा निसटते आणि जुन्या सांगणाऱ्यांच्या हाती जाते. रवींद्र जैन यांची साधी चाल तेथे मालिकेतील सर्व मुकुटांना पुरून उरते.

आपल्याकडे या मालिकेने काय केले, याचा हिशेब अर्धाच मांडता येतो. तिच्यामुळे रामकथा न ऐकलेल्या मुलांनी ती ऐकली, हा जमेचा भाग मोठा आहे. खर्चाच्या बाजूला मी पाहिलेली गोष्ट एवढीच की गावच्या देवळापुढील नाटकांत पुढील काही वर्षे राम आणि रावण दूरदर्शनचे मुकुट घालून आणि दूरदर्शनचीच वाक्ये बोलून येऊ लागले. संकासुराची कोंकणी थट्टा ज्या रंगमंचावर देवांच्या पंक्तीला बसत होती, तेथे थट्टेला जागा कमी झाली. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण सांगत. प्रत्येक चित्रावर त्यांना आपले शब्द घालावे लागत, आणि त्या शब्दांत गावातील मामलेदारापासून पावसापर्यंत काय वाटेल ते येई. तशी भर घालण्याची मुभा छायाचित्रित कथेत नसते. १९८९ च्या आरंभी रोमिला थापर यांनी एका लेखात अनेक रामकथांच्या जागी एकच सरकारमान्य रामकथा येण्याचा धोका दाखविला होता. आपल्या वर्तुळात तो लेख ज्यांनी वाचला त्यांनी रागाने वाचला. त्यांच्या सर्व मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. पण गोव्यात किंवा बेळगावात राहणाऱ्या, दोन भाषांत रामकथा ऐकलेल्या माणसाला तो मुद्दा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

२०२० साली २८ मार्चपासून दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली. टाळेबंदी होती. २ एप्रिलच्या रामनवमीला देवळांची दारे बंद होती, पाळणा हलला तो पुजाऱ्यांच्या हातून, आणि रोज सकाळी नऊला व रात्री नऊला घराघरांत जुना राम परत आला. १६ एप्रिल रोजी ७.७ कोटी लोकांनी मालिका पाहिली असे दूरदर्शनने जाहीर केले. लहानपणी पाहिलेले ते भाग मीही पुन्हा पाहिले. या वेळी शेजारी बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुली अग्नीच्या प्रसंगाला प्रश्न विचारत होत्या, आणि छायासीतेचे उत्तर त्यांना पटत नव्हते. एकीने विचारले की छाया जर खरी नव्हती तर अशोकवनात रडत होती ती कोण? घरातील वडील मंडळींपैकी कोणी तिला वाल्मीकी काढून दाखविला नाही. १८ एप्रिलला राज्याभिषेक झाला आणि १९ एप्रिलला दूरदर्शनने लगेच उत्तररामायण लावले. १९८८ साली या दोहोंच्या मध्ये दोनहून अधिक महिने आणि एक संप होता.